दुखत नव्हतं, दाटलं होतं

सिस्टर,
मी कोपरखैरण्यात राहते, वय 54. आमच्या महिला मंडळात 60 जणी आहोत. बहुतेक माथाडी कुटुंबांतल्या, गाव साताऱ्याकडचं. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची एक मैत्रीण गेली, वय 51. दोन दिवस म्हणत होती, पाठ भरून आलीय, जबडा ओढतोय, तिसरा मजला चढताना दम लागतोय. मी तिला बाम चोळून दिला. म्हटलं, गौरीची दगदग झाली, पडून राहा. पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आता मंडळाला वाटतं, नवरात्रात बायकांच्या हृदयासाठी काहीतरी करावं. एक कार्यकर्ते मोफत ईसीजी शिबिराचा आणि मांडवाचा खर्च द्यायला तयार आहेत. पण गेल्या वर्षी डॉक्टरांचं भाषण ठेवलं तर 40 खुर्च्यांवर 11 जणी, त्यातल्या चौघी वडापाव येईपर्यंत. काही जणी म्हणतात, अटॅक पुरुषांना येतो, बायकांनी कॅन्सरची काळजी करावी. काय करावं? आणि खरं सांगा, मी बाम लावत बसले नसते तर ती वाचली असती का?
मंडळाची सेक्रेटरी
ता. क. मलाही हल्ली रात्री छातीत धडधडतं, पण ते टेन्शनचं असणार.

सेक्रेटरीताई,

मी तुमच्या ता. क. पासून सुरू करते. कॅज्युअल्टीत 31 वर्षं काढली, आधी कुणाकडे बघायचं तेवढं कळतं.

पत्र दोन पानी आहे. मैत्रीण, मंडळ, मांडव, वडापाव, सगळं सविस्तर. स्वतःची तक्रार मात्र एका ओळीत, तीही निदानासकट. टेन्शनचं असणार हे ठरवलं कुणी? असेलही. पण रक्त कमी असेल तरी धडधडतं, थायरॉइड वाढलं तरी धडधडतं, पाळी जायच्या सुमाराला धडधडतं आणि हृदयाचे ठोके खरोखर चुकत असतील तरीही धडधडतंच. आतून सगळं सारखंच लागतं. तेव्हा या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे किंवा महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तुमचा एकटीचा ईसीजी. (शिबिरातल्या ईसीजीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे.) धडधडीबरोबर चक्कर आली, दम लागला, छातीवर दडपण आलं तर आठवडा कसला, त्याच रात्री निघायचं. आणि डॉक्टरांपुढे ‘टेन्शन’ हा शब्द तुम्ही उच्चारायचा नाही. किती वाजता होतं, किती वेळ राहतं, तेव्हा तुम्ही काय करत होतात, एवढंच सांगा. कारण शोधण्याची फी ते घेतात.

आता बामाचं.

वाचली असती का? कदाचित वाचली असती. खोटं बोलून तुमची समजूत घालणार नाही, तुम्हाला ती पटणारही नाही. पण तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेल्या एका बाईने हीच चूक, अंगावर पांढरा गणवेश असताना, केली आहे. ती बाई मी.

पंचविसेक वर्षं झाली असतील. रात्रपाळी होती. पहाटे तीनच्या सुमाराला एक बाई शेजारणीला घेऊन रिक्षाने आली. पोळ्यांची ऑर्डर घेणारी असावी, नखांच्या कडेला कणीक वाळलेली होती. कपाळावर घाम, पदराने सारखी पुसत होती. मी ठरलेला प्रश्न विचारला, “छातीत दुखतंय का?” ती म्हणाली, “नाही.” मळमळ होते का? हो. ढेकर येतात? हो. मी रजिस्टरमध्ये पित्त लिहिलं आणि तिला बाकावर बसवलं. मागून एक गृहस्थ छाती धरून आले, त्यांना लगेच आत घेतलं. ती बाकावर पाऊण तास बसली. मग दुसऱ्या सिस्टरला तिचे हात गार लागले, म्हणून ईसीजी काढला, तर अटॅक चांगला तासन्‌तास चालू होता. बाई वाचली. पण हृदयाचा स्नायू बराच निकामी झाला. पुढे ओपीडीत यायची तेव्हा जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभी राहायची. एकदा मी तिला विचारलं, त्या रात्री तुम्ही दुखत नाही का म्हणालात? ती म्हणाली, “दुखत नव्हतं ना सिस्टर. दाटलं होतं.”

त्यानंतर मी प्रश्न बदलला. “छातीत दुखतंय का?” असं विचारायचं सोडलं आणि “छातीत कसं वाटतंय?” असं विचारू लागले. या एका बदलाने काय काय कानावर यायला लागलं म्हणून सांगू! भरून आलंय. दडपल्यासारखं झालंय. कुणी आवळून धरलंय. जळजळतंय, पण घशाकडे नाही, आतच. पाठीत दोन फऱ्यांच्या मधे कळ येते. हात जड झालाय. दात दुखतायत, पण कुठला ते सांगता येत नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य: “कसंतरीच होतंय.”

पुस्तकात काय आहे तेही सांगते, म्हणजे उगाच दुसऱ्या टोकाला जायला नको. अटॅकमध्ये छातीत काही ना काही होणं हे बायकांतही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण बायकांत त्याच्या जोडीला दम लागणं, मळमळ, जबडा-मान-पाठ दुखणं, दरदरून घाम आणि हातपाय गळाल्यासारखा थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. कधी कधी छाती बाजूलाच राहते, ही सोबतची लक्षणंच पुढे येतात. जुना मधुमेह असेल तर नसा बधिर होतात, दुखणं जाणवतच नाही. तुमची मैत्रीण दोन दिवस सांगत होती. पाठ, जबडा, दम. तीनही गोष्टी तिने सांगितल्या. ज्या भाषेत सांगितल्या ती भाषा अटॅकची आहे हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मला तर शिकवलं होतं आणि तरी ऐकू आली नाही.

या बहिरेपणात जग आपल्याबरोबर होतं, हेही जाता जाता सांगते. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख डॉ. बर्नाडिन हीली स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होत्या. त्यांना 1991 साली वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून डॉक्टरांनाच सुनवावं लागलं की, बाईचा आजार पुरुषाच्या आजारासारखा दिसल्याशिवाय तुम्ही तो खरा मानत नाही. ‘बायकांनी कॅन्सरची काळजी करावी’ म्हणणाऱ्यांना आकडा हवा असेल तर हा घ्या: 2019 साली जगभरात जेवढ्या स्त्रिया दगावल्या त्यातल्या सुमारे 35 टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेल्या. सगळ्या कॅन्सरनी मिळून त्याहून कमी. कॅन्सरची तपासणीही कराच, दोन्हींत भांडण लावायचं कारण नाही.

आता तुमचं शिबिर. ईसीजी शिबिर घेऊ नका.

कार्यकर्त्यांना वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेची सुमारे 10 सेकंदांची नोंद. बाई निवांत आडवी पडलेली असताना काढलेल्या त्या नोंदीत रक्तवाहिनीतला अडथळा बहुतेकदा दिसतच नाही. अटॅक चालू असतानासुद्धा पहिला ईसीजी साफ येऊ शकतो. म्हणून तर कॅज्युअल्टीत तो पुन्हा पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी) रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. शिबिरातून मिळालेला ‘नॉर्मल’चा कागद बाई देवाच्या फोटोमागे खोचून ठेवते. तीन महिन्यांनी जबडा ओढायला लागला की घरचे म्हणतात, अगं, ईसीजी नॉर्मल आला होता की! तो कागद घरात नसता तर निदान कुणी घाबरलं तरी असतं. ज्यांना त्रास होतो त्यांनी ईसीजी काढायचा, डॉक्टरांसमोर. धडधाकट बायकांची रांग लावून नव्हे.

कार्यकर्त्यांचे पैसे परत करू नका मात्र. मांडव आणि बॅनरऐवजी त्यांच्याकडून दंडावर पट्टा बांधायची दोन डिजिटल बीपी मशिनं घ्या. मनगटावरचं घेऊ नका. बरं मशीन दोन-अडीच हजारांत येतं. मोठ्या मापाचा एक पट्टाही मागा. दंड जाड आणि पट्टा छोटा असेल तर बीपी उगाच जास्त दाखवतो. मशीनच्या खोक्यावर त्यांचं नाव छापायचं असेल तर छापू द्या.

आणि भाषणही नको. मला सांगा, दुपारी साडेतीन ते पाच या वेळात तुमच्या बायका कुठे असतात? भांडी झाली, मुलं क्लासला गेली, चहाला अवकाश आहे, त्या वेळात त्या कुणाच्या तरी दारात बसलेल्या असतात. तिथेच जा. एका वेळी एका बिल्डिंगच्या आठ-दहा जणी. खुर्च्या मांडल्या की बाई श्रोता होते आणि श्रोता झाली की वडापावाची वाट बघते.

नवरात्र आहेच, तर एक खेळ सुचवते. तुमच्याकडे हादगा खेळत असतील, आम्ही ठाण्याला भोंडला म्हणतो. हत्तीभोवती फेर झाला की खिरापत ओळखायची. डबा हलवायचा, गोड की तिखट विचारायचं, वाजतं का ते ऐकायचं. तसाच डबा दुखण्याचा करा. एकीने उठून आपल्याला कधीतरी झालेला त्रास आपल्याच शब्दांत सांगायचा: “काल रात्री मला इथून इथपर्यंत आवळल्यासारखं झालं, उठून बसले तर बरं वाटलं.” बाकीच्यांनी ओळखायचं, पोट, पाठ, की हृदय? भांडतील बघा. एक म्हणेल गॅस, दुसरी म्हणेल उसण. त्यांना भांडू द्या, मग म्हणा, डबा उघडल्याशिवाय खिरापत कळत नाही आणि हा डबा उघडायची सोय घरात नाही, ती हॉस्पिटलात आहे. एकीने वहीत त्या शब्दांची यादी करायची. दोन-तीन बैठकांत तुमच्याकडे अशी यादी तयार होईल, जी कुठल्याही डॉक्टरांच्या पत्रकात नाही, कारण ती तुमच्या बायकांच्या तोंडची असेल. पत्रक छापायचंच तर त्या शब्दांचं छापा.

(लाल साडीचा विचार कुणीतरी मांडेलच. परदेशात फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी बायकांच्या हृदयासाठी लाल कपडे घालतात आणि 29 सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. नेसा हो, हौस म्हणून नेसा. नवरात्रात रोज कुठला रंग ते आपल्याला पाठच असतं. फक्त फोटो काढून घरी गेलं आणि मशीन खोक्यातच राहिलं असं नको.)

खेळ झाला की मशीन बाहेर काढा. बीपी मोजायला शिकण्यात एक दुपार नीट घालवा, कारण मी पाहिलेली निम्मी बीपी चुकीची मोजलेली असतात. जिना चढून आलेल्या बाईला लगेच पट्टा बांधायचा नाही, पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा झालेला नसावा, लघवी तुंबलेली नसावी. आणि ब्लाउज! घट्ट बाही वर सरकवून तिच्या खाली पट्टा बांधतात. ती बाहीच आधी दंड आवळत असते, मग आकडा काय खरा येणार? त्या दिवशी सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालून या असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. दोनदा मोजा, मधे एक मिनिट जाऊ द्या. मोजताना बोलायचं नाही, ही अट सगळ्यात अवघड जाईल.

140 वर 90 किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरवायचं नाही, दोन-तीन वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि तसंच येत असेल तर आकडे लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवायचं. 180 वर 120 च्या पुढे असेल आणि डोकं, छाती, दम, दिसणं यांतली काही तक्रार असेल तर तिथूनच हॉस्पिटल. शिंप्याची टेप ठेवा. कमरेचा घेर 80 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या पुढे गेला की आपल्याकडच्या बायकांत मधुमेहाचा आणि हृदयाचा धोका वाढायला लागतो. परकराची नाडी दरवर्षी किती पुढे सरकते त्यावरूनही कळतं, पण ते कुणी कबूल करत नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. तुमच्या भागातल्या आशाताईंना बैठकीला बोलवा, त्यांच्याकडे त्यासाठीचा फॉर्मच असतो.

आणि तीन प्रश्न विचारा. हे सगळ्यांसमोर नाही, बीपी मोजताना हळू आवाजात.

पहिला, बाळंतपणात बीपी किंवा साखर वाढली होती का? याचं उत्तर बहुतेकींना लगेच आठवत नाही, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, कागद माहेरी. “पाय सुजले होते, डॉक्टर म्हणाले मोकळी झालीस की उतरेल, आणि उतरलं.” सूज उतरली, पण आपलं शरीर पुढचं सांगून गेलं. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा त्रास ज्यांना झाला, त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातला मधुमेहही असाच मागे लागतो. अशा बाईने वय 30 असलं तरी दरवर्षी बीपी-साखर बघायची आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना हे आपणहून सांगायचं. ते विचारत नाहीत.

दुसरा, पाळी कधी गेली? चाळिशीच्या आत गेली असेल, किंवा पिशवी काढताना अंडाशयंही काढली असतील, तर हृदयाला मिळणारं संरक्षण लवकर संपलं. आपल्याकडे पिशवी काढली की बाईला सुटल्यासारखं वाटतं. अंडाशय ठेवलं की काढलं हे मात्र तिला विचारा, दहातल्या सात जणी म्हणतील, ते नाही माहीत. ऑपरेशनचा कागद शोधायला लावा.

तिसरा प्रश्न मशेरीचा. इथे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तंबाखू खाता का विचारलं की बाई दोन्ही कानांना हात लावते आणि पदराच्या गाठीत मशेरीची डबी असते. तिच्या लेखी तो तंबाखू नाहीच, तव्यावर भाजून काळी केलेली दात घासायची पूड आहे. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, दुपारी कंटाळा आला म्हणून एकदा. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. म्हणून प्रश्न असा विचारा, “दिवसातून मशेरी किती वेळा?” लावता का असं विचारू नका. ओरडूही नका. माझ्या सासूबाईंची मशेरी सुटायला दीड वर्ष लागलं आणि शेवटी सुटली ती भाजायचा तवा नातसुनेने हरवला म्हणून. तो हरवला की हरवून ठेवला हे मी आजवर विचारलेलं नाही.

लहानपणी सांधे सुजून ताप येत होता का, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्या तापाने हृदयाची झडप खराब होऊ शकते आणि कधी कधी मुलगी गरोदर राहिली की दम लागून ते उघडकीला येतं. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी याच आजारावर खूप काम केलं. त्या 103 वर्षं जगल्या, 2020 साली गेल्या. तुमच्या एखाद्या बैठकीत त्यांची गोष्ट सांगा, पोरींना आवडेल.

खाण्यावर फार वेळ घालवू नका, त्यावर सगळ्याच बोलतात. मिठाचं तेवढं सांगा: दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून लहान चमचाभर, त्यात पापड, लोणचं, सुकट, वेफर्स आले. नऊ दिवस उपास करून साबुदाणा वडे खाण्याबद्दल मी काही बोलत नाही, मलाही आवडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे शिबिरात कधीच होत नाही. पहाटे चार वाजता काय करायचं ते आजच ठरवणं. तुमच्याकडे कितीतरी घरांत मालक त्या वेळेला तुर्भ्याच्या मार्केटात असतात. घरात बाई, मुलं, कदाचित सासू. बिल्डिंगला लिफ्ट नाही. अशा वेळी बाई काय करते? ओवा खाते आणि उजाडायची वाट बघते, कारण कुणाची झोप मोडायला नको.

म्हणून प्रत्येक जिन्यावर दोन घरं ठरवा, ज्यांची कडी रात्री कधीही वाजवली तरी चालेल. 108 चा फोन कुणी करायचा ते ठरवा. अॅम्ब्युलन्स फुकट येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. रुग्णाला जिना उतरायला लावायचं नाही, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन पोरांनी खाली आणायचं. हे एकदा रिकाम्या खुर्चीने करून बघा, वळणावर कसं अडकतं ते कळेल. मंडळाच्या दोघींनी एक दिवस काढून वाशी, ऐरोली, कोपरखैरण्याकडची हॉस्पिटलं फिरून यायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या: कॅथलॅब (बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची खोली) रात्रीही चालू असते का, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू आहे का, आणि कॅज्युअल्टीचा थेट नंबर काय. त्या योजनेत अँजिओप्लास्टी बसते. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या मदतनिसाला भेटायचं, रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवायचं. नंबर कॅलेंडरवर लिहायचे, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथे. मोबाइलमध्ये नको, त्या वेळी मोबाइलचं कुलूप उघडत नाही.

घाई का, तर मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो. हॉस्पिटलात पोचल्यावर 90 मिनिटांच्या आत वाहिनी उघडावी असा दंडक आहे. कॅथलॅब नसेल तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. बारा तास उलटून गेले की दोन्हींचा फायदा खूप कमी होतो. म्हणून आधी गल्लीतल्या दवाखान्यासमोर नऊ वाजेपर्यंत थांबायचं नाही. गोळ्यांचं म्हणाल तर अॅस्पिरिन चघळायला देतात, पण 108 वर किंवा डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तरच. अॅलर्जी, अल्सर, रक्तस्राव यांत ती घातक ठरते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मंडळातर्फे वाटायचं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, बीपी एकदम उतरून बाई जागेवर कोसळू शकते.

एक संध्याकाळ पुरुषांसाठी ठेवा. त्यांना हृदयाची चित्रं दाखवू नका. एवढंच विचारा, बायको ‘कसंतरीच होतंय’ म्हणाली तर तुम्ही काय म्हणता? उत्तर ठरलेलं आहे, ‘पड जरा.’ त्याऐवजी म्हणायचं, ‘कसं वाटतंय ते नीट सांग.’ याच संध्याकाळी छाती दाबायला शिकवणारं कुणीतरी बोलवा. बाई कोसळली, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, की छातीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबायचं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. अनेक देशांतल्या नोंदींत दिसतं की रस्त्यात कोसळलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी वेळा हे मिळतं. लोक हात लावायला बिचकतात. आपल्याकडे तर पदर आहे, मंगळसूत्र आहे, लोक काय म्हणतील आहे. तरण्या पोरांना स्पष्ट सांगा, काकूच्या छातीवर हात ठेवायचा आणि दाबायचं. त्यांच्या आयांनी समोर बसून हे सांगितलं की मुलांचा संकोच जातो.

बैठकीला येणाऱ्यांची संख्या मोजू नका. आमच्या तलावपाळीवर सकाळी चालणाऱ्या बायकांना नवऱ्याला किती स्टेंट आणि कुठल्या बनावटीचे ते तोंडपाठ आहे. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं विचारलं की तळ्याकडे बघतात. त्या शिकलेल्या आहेत, लेक्चरं त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत. एका जिन्यावरच्या चार जणी एकमेकींच्या दारावर रात्री थाप मारायला लाजेनाशा झाल्या तरी मला पुरे.

आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन या. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं गेल्या नसाल, त्या बामामुळे. तिला मुलगी असेल तर तिच्याशी बोला. आईला 65 च्या आत अटॅक आला म्हणजे मुलीच्या कागदावर तो घराण्याचा इतिहास म्हणून लिहायचा असतो आणि हे तिला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आत्ताच एकदा बघून घे म्हणावं. बहिणी असतील तर त्यांनाही. मुलगाही असेल, त्यालाही. ती पोरगी तुम्हाला विचारेल, आई शेवटचे दोन दिवस काय म्हणत होती. सगळं सांगा तिला, पाठ, जबडा, जिना, बामसुद्धा. जाताना मशीन घेऊन जा आणि तिचा ब्लाउज किंवा कुर्ता सैल आहे ना ते बघा.

तुमची,
सिस्टर